एक पाय वर

या अंकासाठी विषय कळवला, तेव्हा संपादिकाबाईंचा लगेच फोन आला. “कुत्र्याच्या शूवर लेख? दिवाळी अंकात? शेजारच्या पानावर अनारशांची कृती आहे हो!” मी म्हटलं, “असू दे. वाचणारे दोन्ही पानं वाचतील.” कोविडच्या घरकोंडीत मुलांनी हट्ट धरला आणि आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत कुत्री आली. आता गणपतीच्या जेवणाला चार बायका एकत्र बसल्या, की मुलांच्या कॉलेजच्या खालोखाल हाच विषय निघतो, फक्त जरा हळू आवाजात. कुणाच्या सोफ्याचा पाय, कुणाच्या कार्पेटचा कोपरा, कुणाच्या पाहुण्यांची बॅग. आणि घरात नर असेल तर विचारूच नका.

आमच्याकडे नर आहे. नाव बंड्या, जात ल्हासा ॲप्सो, वय सात वर्षं, वजन सात किलो. मुक्काम नेपरव्हिल, शिकागोपासून पाऊण तासावर.

आपल्या पिढीला कुत्रा काही नवा नाही. पण तो दारचा. शिळी भाकरी खायचा, रात्री भुंकायचा, वाड्याच्या पायरीवर पसरायचा. खंडोबाचा म्हणून त्याला मान, दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की “हाड!” त्याच्या लघवीचा प्रश्न घरापर्यंत कधी आलाच नाही, कारण विजेचे खांब, स्कूटरची चाकं आणि कोपऱ्यावरचा उकिरडा ही सगळी त्याचीच इस्टेट. इथे तोच प्राणी कार्पेट घातलेल्या घरात राहतो, बाहेर जायला आपण दार उघडण्याची वाट बघतो, आणि जानेवारीत त्या दारापलीकडे उणे वीस असतं. आपल्या आजीच्या बटव्यात यावर काही नव्हतं. म्हणून गेल्या सात वर्षांत जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि गुडघ्यावर बसून पुसलं, ते इथे मांडते आहे.

पहिली गोष्ट ही, की नर कुत्र्याच्या लघवीची कामं दोन. एक म्हणजे मूत्राशय रिकामं करणं. दुसरं म्हणजे खूण ठेवणं. पिल्लू असताना नरसुद्धा मादीसारखा खाली बसूनच करतो. साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान तो वयात येतो आणि एक दिवस पाय वर होतो. काहींचा कधीच होत नाही, त्यात बिघडलेलं काही नसतं.

रिकामं करताना धार सलग असते. जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली असं दाखवलं, की तीन किलोच्या वरचे सस्तन प्राणी, अगदी हत्तीपर्यंत, भरलेलं मूत्राशय साधारण २१ सेकंदांत रिकामं करतात. या अभ्यासाला पुढच्या वर्षी हसवून विचार करायला लावणारा ‘इग नोबेल’ मिळाला. आम्ही घरी हसलो, पण आकडा लक्षात राहिला, आणि तो पुढे कामाला आला.

खुणांची तऱ्हा वेगळी. चार थेंब इथे, चार तिथे, अर्ध्या तासाच्या फेरीत वीस-पंचवीस वेळा. जागाही उभी हवी: खांब, झुडूप, पत्रपेटीचा दांडा. उभ्या वस्तूवरचा वास दुसऱ्या कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर राहतो आणि वाऱ्यावर पसरतो. आधी कोण येऊन गेलं, नर की मादी, मादी माजावर आहे का, किती वेळापूर्वीची गोष्ट, हे सगळं त्यांना त्यातून कळतं. कुत्र्याच्या नाकाच्या तळाशी, टाळूच्या वर जेकबसन नावाचं एक वेगळं इंद्रिय असतं. एखादी जागा चाटून कुत्रा दात कुडकुडवल्यासारखं करतो, तेव्हा तो वास तिथे पोचवत असतो. गावात पारावरच्या फळ्यावर येणारा जाणारा थांबून वाचतो आणि जमलं तर स्वतःचीही एक ओळ लिहितो, तसाच हा प्रकार. म्हणून फेरीवर त्याला ओढत नेऊ नये. दहा मिनिटं कमी चाललं तरी चालेल, वाचन पुरं होऊ द्यावं.

या लिखाणात थोडी थापही असते. कॉर्नेल विद्यापीठातल्या बेटी मॅकग्वायर यांनी २०१८ साली नर कुत्र्यांचे व्हिडिओ तपासले. लहान कुत्री मोठ्यांच्या मानाने पाय जास्त कोनात वर उचलतात आणि खूण आपल्या अंगाच्या मानाने जास्त उंच नेतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, कुणी दांडगा येऊन गेला. आमचा बंड्या कोपऱ्यावरच्या ग्रेट डेनच्या खांबापाशी जवळजवळ आडवा होतो.

आणि स्वतःचा वास त्यांना ओळखू येतो. कोलोरॅडोत मार्क बेकॉफ नावाच्या प्राध्यापकांनी पाच हिवाळे एक खटाटोप केला. आपल्या आणि इतरांच्या कुत्र्यांनी पिवळा केलेला बर्फ ते हातमोजे घालून उचलायचे आणि दुसरीकडे ठेवायचे. त्यांचा कुत्रा जेथ्रो इतरांचा बर्फ रेंगाळून हुंगायचा आणि स्वतःचा असेल तर झटकन पुढे जायचा. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण, घरात खूण दिसली की आपलं पहिलं वाक्य असतं: “मुद्दाम केलं मेल्याने!” मुद्दाम नसतं, सूडही नसतो. घरात नवा वास आला, की त्यावर आपला वास चढवून तो स्वतःची समजूत काढत असतो. नवा सोफा, नवं बाळ, ख्रिसमसचं झाड ही नेहमीची निमित्तं. आपल्या घरांत आणखी एक असतं: भारतातून आलेल्या बॅगा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले. बॅगांची चाकं सोसायटीच्या फाटकापासून विमानतळापर्यंत किती कुत्र्यांच्या वाटेवरून फिरली असतील, देव जाणे. बंड्याने दोन मिनिटं हुंगलं आणि चारही बॅगांवर ओळीने सह्या केल्या. आई किंचाळली, “अगं, त्यात नैवेद्याची चांदीची वाटी आहे!” वाटी कुलूपबंद होती, फक्त चाकंच भिजली होती, पण आईच्या दृष्टीने संपलं. ती रोज सोवळ्यात पूजा करणारी. रात्री हलक्या आवाजात मला म्हणाली, “या घरात मी सहा महिने नैवेद्य कसा दाखवू? तूच सांग.”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नव्हते. आई आणि बंड्या, दोघंही माझ्या घरचेच. निर्बीजीकरण करा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. बंड्याचं वर्षाचा असतानाच झालेलं आहे. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १९९७ सालच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दहांतल्या सुमारे सहा कुत्र्यांच्या खुणा निम्म्याहून कमी झाल्या. बंड्या उरलेल्या चौघांतला. म्हणून आम्ही घराची मांडणी बदलली. देवघर चौरंगावर होतं, ते छातीच्या उंचीच्या फळीवर गेलं. चौरंगाचा पाय म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने आयता खांब. स्वयंपाकघराच्या दाराला बाळांसाठी मिळतं ते जाळीचं फाटक लावलं. तेव्हापासून पाहुण्यांच्या बॅगा पहिली रात्र गॅरेजमध्ये राहतात आणि चाकं पुसूनच आत येतात. आल्यागेल्याच्या गडबडीआधी बंड्याला एक मोठी फेरी. आणि नवी वस्तू आली की पहिले दोन दिवस तो आमच्या नजरेसमोर.

तरीही कधी झालंच, तर स्वच्छता. आईची पहिली मागणी फिनेलची. पण फिनेल आणि डेटॉलसारख्या औषधांतली फिनॉलवर्गीय द्रव्यं कुत्र्याच्या पंजाला लागतात, तो पंजे चाटतो आणि ती त्याला बाधतात. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच. लघवीतही अमोनियाचा वास असतो, त्यामुळे ते पुसणं म्हणजे नवी सही करण्याचं आमंत्रण. लघवीवर ब्लीच ओतलं तर घशाला झोंबणारा विषारी वायू निघू शकतो. वाफेचं यंत्रही टाळावं, उष्णतेने डाग आणि वास धाग्यांत पक्के बसतात.

आमची पद्धत अशी. ओलं असेल तोवर जुन्या सुती साडीची घडी त्यावर ठेवायची आणि वर उभं राहून दाबायचं. घासायचं नाही, घासलं की डाग पसरतो. मग साधं थंड पाणी आणि पुन्हा टिपणं. त्यानंतर प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर. ते वरवर शिंपडून उपयोग नाही. लघवी कार्पेटखालच्या गादीपर्यंत मुरलेली असते, तिथवर ते पोचलं पाहिजे, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहिलं पाहिजे. आधी साबण लावला तर एन्झाइमचं काम बिघडू शकतं. वाळलेले जुने डाग शोधायला अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च घ्या. दिवे मालवून तो फिरवला की डाग चमकतात. मन घट्ट करूनच हा प्रयोग करावा.

डागात नाक घासणं, ओरडणं, चापट मारणं यांतलं काही करू नका. दहा मिनिटांपूर्वीची लघवी आणि आत्ताची चापट यांचा संबंध कुत्र्याला लागत नाही. तो शिकतो ते इतकंच, की हिच्यासमोर करायची नाही. मग तो सोफ्यामागे करतो.

पोटाभोवती बांधायचा पट्टा मिळतो, आत शोषणारी घडी असलेला. प्रवासात, कुणाच्या घरी जाताना तो बरा. दिवसभर नको. ओली घडी कातडीला चिकटून राहिली तर बाळाला होतं तसं लाल पुरळ उठतं. आणि फेरीला जाताना तो काढायला विसरू नये.

आता खुद्द कुत्र्याची स्वच्छता. याविषयी कुणी बोलत नाही आणि ल्हासा, शित्झू, माल्टीज अशा लांब केसांच्या नरांच्या घरी रोज हाच प्रश्न असतो. लिंगाच्या टोकापाशी केसांचा झुपका असतो. तो पार तासायचा नाही. साधारण अर्धा इंच ठेवायचा, त्यावरून थेंब ओघळून जातात. मुळापासून कापला तर कातडीला टोचतो आणि लघवी पोटावर उडते. भोवतालचे पोटाचे केस मात्र आखूड ठेवावेत. दिवसातून एकदा कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुढून मागे पुसायचं आणि कोरडं करायचं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, सुगंधी वाइप्स काही नको. हिवाळ्यात अंगणात बर्फ उपसून एक वाट आणि एक कोपरा मोकळा ठेवावा, नाहीतर आखूड पायांच्या कुत्र्याचं ओलं पोट बर्फात घासून केसांच्या गाठी गोठतात.

टोकाशी कधीकधी पिवळसर, किंचित हिरवट चिकट थेंब दिसतो. नवखा माणूस घाबरतो. थोडा असेल तर ते नैसर्गिक आहे, निर्बीजीकरण न झालेल्यांत जास्त दिसतं. पण स्राव वाढला, घाण वास आला, रक्त दिसलं किंवा कुत्रा सारखा तिथेच चाटू लागला, तर डॉक्टरांकडे न्यावं. लिंग बाहेर येऊन आत जात नसेल, तर उद्यावर टाकू नये. कधी एखादा केस अडकल्यानेही असं होतं, आणि रक्तपुरवठा तुटू शकतो.

हात धुणं सगळ्यात महत्त्वाचं. लेप्टोस्पायरोसिस हा आजार लघवीतून पसरतो आणि माणसालाही होतो. २००५च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली, ती ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. इथे कुत्र्यांना त्याची लस मिळते. डबक्यातलं पाणी मात्र पिऊ देऊ नये.

हे सगळं स्वच्छतेचं झालं. पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट पुढेच आहे.

बाबांना इथे करमत नव्हतं. सकाळची फेरी त्यांनी स्वतःकडे घेतली. माकडटोपी, माझ्या नवऱ्याचा जाड कोट आणि हातात पट्टा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मला कामावर त्यांचा फोन आला. “अगं, बंड्याला धार येत नाही. पाय वर करतोय, थांबतोय, थेंब पडतोय. चार खांब झाले.”

“खुणा करत असेल का, बाबा?”

“नाही. खुणा करतो तेव्हा टाकून पुढे पळतो. आज तिथेच उभा राहतोय, कुंथतोय. आणि बर्फावर गुलाबी डाग आहे.” मग जरा थांबून म्हणाले, “मला माहीत आहे ही कळ. त्याची लघवी तुंबली आहे.”

दोन वर्षांपूर्वी बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी एक रात्र त्यांनी तशीच काढली होती. त्यांच्या आवाजात शंका नव्हती. तासाभरात आम्ही प्राण्यांच्या इस्पितळात होतो.

एक्स-रेत मुतखडे दिसले. मोहरीपेक्षा जरा मोठे, ओळीने अडकलेले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नर कुत्र्याच्या लिंगात एक हाड असतं आणि मूत्रमार्ग त्या हाडाच्या खोबणीतून जातो. मार्ग तिथे रुंदावू शकत नाही, म्हणून खडे हाडाच्या मागे अडकतात. मादीचा मार्ग आखूड आणि रुंद असल्याने तिचे लहान खडे पुष्कळदा निघून जातात. मार्ग पूर्ण बंद झाला, की रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात, मूत्राशय फुटू शकतं आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. बंड्याचा मार्ग अजून पूर्ण बंद झालेला नव्हता. नळीतून पाण्याच्या दाबाने खडे मागे मूत्राशयात ढकलले आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून काढले. बाहेर बसलेले बाबा एकदाच बोलले: “नळी काढताना फार दुखतं. त्याला सांभाळून काढा म्हणावं.” बिलाचा आकडा त्यांना रुपयांत सांगितला नाही.

खडे तपासणीला मिनेसोटा विद्यापीठात गेले. तिथे १९८१ पासून प्राण्यांच्या मुतखड्यांची तपासणी होते, जगभरातून खडे येतात. उत्तर आलं: कॅल्शियम ऑक्झलेट. काही जातीचे खडे खास आहाराने विरघळतात, हे विरघळत नाहीत, आणि पुन्हा होऊ शकतात. ल्हासा, शित्झू, श्नाउत्सर अशा जातींत, त्यातही नरांत, ते अधिक आढळतात. आता बंड्याला डॉक्टरांनी ठरवलेलं ओलं अन्न, त्यात वरून पाणी, आणि ठरावीक महिन्यांनी तपासणी. पुण्याच्या नातेवाइकांनी फोनवर कुळथाचं पाणी आणि पानफुटीची पानं सुचवली. कुळथाचं पाणी खडा विरघळवणार नव्हतं. पानफुटी तर कुत्र्याला विषारी आहे, हृदयावर परिणाम करते. घरातल्या कुंडीतही ती त्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका.

म्हणून वाचकहो, किळस बाजूला ठेवा आणि बघा. रोज बघा. धार सलग येते का? रंग फिकट पिवळा आहे का? वारंवार बसून थेंबच पडतात का? रक्त, अस्वस्थपणा, सतत चाटणं, उलटी? नर कुत्रा कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर ती रात्र काढायची नाही, तेव्हाच निघायचं. मोठ्या कुत्र्याला सहा-आठ तासांहून जास्त वेळ कोंडून ठेवू नये. घरात नीट वागणारा कुत्रा अचानक जागोजागी करू लागला, तर आधी तपासणी आणि मग शिस्त. बर्फाचा एक मोठा फायदा, रंग स्वच्छ दिसतो. उन्हाळ्यात नमुना हवा असेल तर लांब दांड्याचा डाव धारेखाली धरावा. आमच्या डावाला लाल फीत बांधून तो गॅरेजात टांगलेला आहे, आमटीच्या डावाशी गल्लत होऊ नये म्हणून.

शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस बंड्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू होता. दर चार तासांनी त्याला उचलून अंगणात न्यायचं. दुपारी आम्ही दोघं कामावर, बाबा झोपलेले. तिसऱ्या दिवशी घरी आले तर फ्रिजवरच्या कागदावर, बाबांच्या नोंदींच्या खाली, आईच्या अक्षरात एक ओळ होती: “२.४० – झाली. भरपूर.” सोवळं तिने सोडलं नाही. संध्याकाळी पुन्हा आंघोळ करूनच ती दिवा लावायची. पण दुपारची पाळी तिने शेवटपर्यंत कुणाला दिली नाही.

एप्रिलमध्ये दोघं परत गेले. आता रविवारी व्हिडिओवर आई आधी आम्हा सगळ्यांकडे एक नजर टाकते. मग विचारते, “त्याला होतेय ना नीट?”